विनोदी पडद्यावरील दरोडेखोर आणि गारगोटीचा खजिना

महेश कोठारे यांच्या ‘धडाकेबाज’ (१९९०) या विनोदी चित्रपटातील कवट्या महाकाळ कवटीचा मुखवटा चढवून गावकऱ्यांस लुटतो. त्याला ना कुळ, ना गाऱ्हाणे. हिंदी पडद्यावरील डाकू प्रथम असा नव्हता. ‘मदर इंडिया’ (१९५७) मधील बिरजूस सावकारी जुलमाने व ‘गंगा जमना’ (१९६१) मधील गंगास जमीनदाराने रानात धाडले. ‘शोले’ (१९७५) मधील गब्बरसिंगापाशी ही कारणपरंपरा तुटते, आणि आमच्या विडंबनकारांनी उचलला तो हाच कारणहीन डाकू.

ही निवड केवळ सोयीची नसावी. घरचा दरोडेखोर हास्यास पचणारा नव्हता. कंपनी सरकारच्या लेखी उमाजी नाईक लुटारूच होता; १८३२ मध्ये त्यास पुण्यास फाशी दिले. गारगोटीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १३ डिसेंबर १९४२ रोजी भूमिगतांनी तेथील कोल्हापूर संस्थानच्या कचेरीवर व खजिन्यावर हल्ला केला. शस्त्रे, टोळी, तिजोरी ही दरोड्याची सारी बाह्य लक्षणे येथे होती. पोलिसांच्या गोळीबारात करवीरय्या स्वामींसह सात जण पडले. कायद्याच्या भाषेत जो दरोडा, तो गावाच्या बोलण्यात हौतात्म्य ठरला. गारगोटीत आज स्मारक आहे ते या सातांचे.