दुष्काळात विणलेली लेस

आजचा विषय आहे क्रोशेची लेस. थांबा, एपिसोड बदलू नका. या लेसमागे एक दुष्काळ आहे, आणि थोडं कोडिंगही.

एकोणिसाव्या शतकातलं लेसच्या काठांचं एखादं इंग्रजी पुस्तक उघडा. इतक्या साखळ्या, मग एक चांदणी, मग इतके खांब, आणि शेवटी 'चांदणीपासून पुन्हा'. हा चक्क लूप आहे! रुमालाला हवा तर वीतभर चालवा, परकराला हवा तर अख्ख्या घेरभर. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी 1846 पासून अशी पुस्तकं काढली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांना पदकही मिळालं. त्यांच्या वाचक मुख्यतः फावला वेळ असलेल्या घरच्या बायका.

त्याच काळात शेजारच्या आयर्लंडमध्ये काय चाललं होतं? 1845 ला बटाट्यावर रोग पडला, आणि गरिबांचं पोट बटाट्यावरच होतं. पुढच्या काही वर्षांत साधारण 10 लाख माणसं मेली, 10 लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्या काळातही धान्याची जहाजं इंग्लंडला जात होती, हे विसरू नका.

कॉर्कजवळ ब्लॅकरॉकच्या उर्सुलाइन नन्स मुलींना क्रोशे शिकवत होत्या. उत्तरेकडे क्लोनिस गावात 1847 मध्ये धर्मगुरूंच्या पत्नी कसांड्रा हँड यांनी तेच काम सुरू केलं. क्रोशेच का? तर सुईने केलेल्या जुन्या व्हेनिसच्या लेसला श्रीमंतांत मान होता, पण ती करायला फार वेळ लागायचा. क्रोशेने तसाच उठाव पटकन साधतो. आणि हत्यार म्हणजे काय, लाकडी मुठीत बसवलेली टोक वाकवलेली तार!

आता खरी गंमत. इथे साधा लूप नाही, मॉड्यूल आहेत. गुलाब वेगळा, पान वेगळं, द्राक्षं वेगळी. जाड दोऱ्यावर विणायचं म्हणजे नक्षी फुगून येते. मग हे तुकडे कापडावर उलटे टाचायचे, मधली जागा जाळीने भरायची आणि शेवटी कापड काढून टाकायचं. एका घरात गुलाब, दुसऱ्या घरात पानं, जोडणारी बाई तिसरीच. या पैशांवर घरं जगली, अमेरिकेची तिकिटं निघाली.

काही घरं आपली नक्षी शेजारणीलाही दाखवत नसत. गिटहबवर वाढलेल्या आपल्या पिढीला हा कंजूषपणा वाटेल. मला नाही वाटत. लंडनमध्ये नक्षी छापली तर पुस्तक खपतं. क्लोनिसमध्ये ती शेजारी गेली तर आपली भाकरी जाते.

पुढे 1880 च्या दशकात रासायनिक लेस आली. मशीनने कापडावर भरतकाम करायचं, मग खालचं कापड रसायनात विरघळवायचं. उरते ती लेस, लांबून अगदी आयरिश क्रोशे! हाताच्या कामाला मोठा फटका बसला.

पण ती नक्कलच. जवळून बघा, क्रोशेत फासातून फास ओढलेला दिसतो; रासायनिक लेसमध्ये नुसते टाक्यांवर टाके. फास ओढून खरं क्रोशे विणणारं मशीन आजही कारखान्यात नाही. म्हणजे ऑनलाइन सेलमध्ये 600 रुपयांचा खराखुरा क्रोशे टॉप दिसला, तर तो कुणीतरी हातानेच विणलाय.

पुढच्या भागात टॅटिंग आणि त्याचा चिमुकला धोटा. भेटू!