उद्वाहनाचा दोर व त्याचे कागद

मोटेचा नाडा केव्हातरी तुटणारच, हे औरंगाबाद प्रांतीच्या कुणब्यास सांगावे लागत नसे. नाडा तुटला तर मोट विहिरीत जाई. फार तर गळ टाकून ती वर काढावी लागे. उद्वाहनाचा, म्हणजे व्यवहारातील लिफ्टचा, प्रश्न येथेच निराळा होतो. कारण या मोटेत माणूस उभा असतो.

एलिशा ओटिस याने लिफ्ट शोधून काढली असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. ते आम्हांस ग्राह्य वाटत नाही. ओझी चढविणारे पाळणे त्याच्यापूर्वी कित्येक शतके चालत होते. त्याचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नव्हे, की दोर तुटणार असे गृहीत धरून त्याने यंत्र रचिले. पाळण्याच्या माथ्यावर त्याने गाडीची कमान बसविली. दोराच्या ताणाने ती वाकलेली राही. ताण जाताच सरळ होऊन तिची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत अडकत. इ. स. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः पाळण्यावर उभे राहून त्याने दोर तोडविला. पाळणा किंचित खचून थांबला.

तथापि दोर शाबूत असता पाळणा भरधाव सुटला, तर ही कमान स्वस्थ बसे. ती उणीव पुढे गतिनियामकाने भरून काढिली. वेग मर्यादेबाहेर जाताच तो आपला निराळा दोर पकडून धरितो, व त्या ओढीने पाळण्याच्या पाचरी रुळांस आवळतात. रिकाम्या कूपात कोणाचा पाय पडू नये म्हणून दारांस कुलपे असतात. ती लागल्यावाचून पाळणा हलत नाही.

आता कागदांविषयी. मुंबई प्रांतात १९३९ साली उद्वाहनांचा कायदा झाला. उभारणीस परवानगी, चालविण्यास परवाना व सरकारी तपासणी त्यात आली. त्या समयी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या अमलाखाली होते. ते मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. आणि राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमान्वये प्रदेश बदलला तरी तेथील पूर्वीचे कायदे आपोआप बदलले नाहीत. सबब त्या तारखेपूर्वीचा, येथील इमारतीचा, पण मुंबईच्या कायद्याचा आधार सांगणारा परवाना कोणी दाखविल्यास तो संशयित समजावा. त्यानंतरच्या परवान्यासही कायदा येथे लागू केल्याचा हुकूम ताडून पाहावा.

२०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. जुन्या परवान्यांवरील मोहर तेवढी कापून ठेवण्याची खोड काही संग्राहकांस आहे, ती त्यांनी सोडावी. दोर केव्हा बदलला, कोणत्या मजल्याचे कुलूप नादुरुस्त आढळले, हे खालच्या तपासणीच्या शेऱ्यांतच सापडावयाचे.