गाठ लपवणारी माणसे



बरेच दिवस इथे काही लिहिले नाही. 'आजी, ब्लॉग बंद केलास का?' असे नातवाने फोनवर विचारले, म्हणून आज बसले आहे.

दोन महिन्यांपूर्वी वेणी घालताना मानेला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. चार दिवसांनी काखेत दुसरी सापडली. मी कोणाला काही बोलले नाही. तीन आठवडे पदर मानेभोवती घेऊन वावरले. शेवटी सूनबाईंच्या लक्षात आले. रक्त तपासले तर ईएसआर ८०, हिमोग्लोबिन ९. सुईने घेतलेल्या नमुन्यात निश्चित काही निघाले नाही. 'टीबी असू शकतो, दुसरे काही असू शकते, साधेही असेल. गाठ काढून तपासू,' असे डॉक्टर म्हणाले.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मी वर्गात इतक्या वर्षे शिकवलेला एक धडा आठवते. १८९७ चा पुण्याचा प्लेग. आम्ही शिकवायचो तो रँडचा वध आणि चापेकर बंधू. परीक्षेत प्रश्नही त्यावरच. मूळची गाठ मात्र बाजूलाच राहायची.

माझी आजी म्हणायची, पायाला काटा मोडला की जांघेत अवधाण येते. शरीरात रोगजंतू शिरले की जवळची गाठ त्यांना अडवते आणि सुजते. प्लेगची पिसू बहुधा पायाला चावे, म्हणून गाठ बहुधा जांघेत येई. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने अशाच गाठीतून प्लेगचा जंतू शोधला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. लोक त्याला 'गाठीचा ताप' म्हणू लागले.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, आणि मार्चपासून पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. काखा, जांघा, माना तपासायच्या. बायकांनाही त्यातून सुटका नाही. गाठ सापडली की रोगी प्लेगच्या इस्पितळात, घरचे लोक छावणीत, सामानाची होळी. मग लोक गाठ लपवू लागले. रोग्यालाही लपवू लागले. औषध तर नव्हतेच, आणि सांगून मिळायचे काय, तर ताटातूट. रोग लपून राहिला आणि पसरत गेला. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, ते पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच मार्च महिन्यात, त्याच पुण्यात एक बाई मात्र गाठीपासून पळाली नाही. सावित्रीबाई फुले. मुंढव्याच्या वस्तीतल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या हडपसरजवळ ससाणे मळ्यात यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शाळेत दरवर्षी ३ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घालताना मी हे मुलांना सांगत असे.

आता मनाला विचारते, १८९७ च्या माणसांना लपवायला कारण होते. माझ्या दारात कोण सोल्जर उभा होता? औषधे आहेत, तपासण्या आहेत, घरचे मायेचे आहेत. तरी मी तीन आठवडे गप्प बसले. भीती गाठीची नव्हतीच, ती गाठीला नाव मिळेल याची होती. नाव मिळेपर्यंत सगळे पूर्वीसारखेच आहे असे वाटते. पण पदराखाली गाठ काही थांबत नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे कळायला हवे होते.

माझ्या बहिणींनो, भाच्यांनो, तुम्ही हे वाचता म्हणून सांगते. गाठ आली म्हणजे काही वाईटच असते असे नाही, बऱ्याचदा नसतेही. पण दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, वाढत राहिली, ताप येतो किंवा वजन उतरते असे दिसले, तर घरात बोला आणि दाखवून घ्या. लपवू नका.

असो. येत्या गुरुवारी माझी गाठ काढणार आहेत. मी घाबरलेली आहे, आणि ते सूनबाईंना सांगितलेही आहे. त्या दिवसापासून झोप थोडी बरी लागते.

अहवाल आला की इथेच लिहीन. काही निघाले तरी लिहीन.