तळटीप : ‘रेल्वे टाइम’

* रेल्वे टाइम : इथे ‘टाइम’ म्हणजे नुसती ‘वेळ’ नव्हे, स्टेशनच्या घड्याळातली वेळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे आली, तेव्हा देशभरच्या गाड्या मद्रासच्या वेळेने धावत. ती नंदुरबारच्या सूर्यापेक्षा सुमारे २४ मिनिटे पुढे होती. म्हणजे उन्हावरून अंदाज बांधून निघालेल्या माणसाची गाडी हमखास चुकायची, आणि दोष त्याच्याकडे नव्हताच! १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, नंदुरबार ७४.२५ अंशाच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर फरक कमी न होता ३३ मिनिटांवर गेला. मुंबईने तर आपली जुनी वेळ १९५५पर्यंत सोडली नाही.

मराठीत ‘ती वेळ’ म्हणजे नेमका क्षण, ‘तो वेळ’ म्हणजे अवधी. ‘टाइम’ दोन्हीकडे पुल्लिंगीच चालतो : ‘गाडीचा टाइम झाला’, ‘अजून टाइम आहे’. प्रस्तुत लेखक मात्र घड्याळासाठी ‘टाइम’ आणि उन्हासाठी ‘वेळ’ असा भेद कटाक्षाने पाळतात. म्हणून त्यांची ‘टायमावर’, ‘टायमाला’ ही बोलीतली रूपे प्रमाण भाषेत न बदलता तशीच ठेवली आहेत. पुढील प्रकरणांतील तासांचे आकडे वाचताना, कोणत्या घड्याळाचे ते आधी पाहावे.

— संपादक