'यमुनापर्यटन' वाचताना



पुण्याकडून येताना सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली, की थोड्याच वेळात शिरवळ लागते. मागे एकदा तिथे शिक्षकांच्या मेळाव्यात ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी बोलण्याचा योग आला. भाषण झाले, चहापाणी झाले आणि एक शिक्षिका जरा संकोचतच पुढे आल्या. म्हणाल्या, "सर, रोमच्या बादशहाच्या काळातली एक कादंबरी वाचली. एक रोमन सरदार आणि एक ख्रिस्ती मुलगी यांच्या प्रेमाची गोष्ट. तीन रात्री जागले तिच्यापायी. पण सासरे म्हणाले, मिशनऱ्यांची पुस्तकं कशाला वाचतेस? आता तुम्हीच सांगा, मला ती आवडली हे चुकलं का?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो पुष्कळांच्या मनात असतो. गोष्ट परक्या धर्माची असली, तर तिच्यात रमावे की नाही? त्याचेच उत्तर आज आपण शोधू.

बाईंनी वाचलेली कादंबरी होती 'क्वो व्हादिस'. हेन्रिक शेन्कीएविच या पोलिश लेखकाची ही कादंबरी १८९६ साली पुस्तकरूपाने निघाली. १९०५ साली या लेखकाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कथा आहे नीरो बादशहाच्या रोमची. इसवी सन ६४ मध्ये रोमला प्रचंड आग लागली आणि नीरोने तिचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडले, हा इतिहास. व्हिनिशियस हा सरदार आणि लिगिया ही ओलीस ठेवलेली राजकन्या यांचे प्रेम, ही लेखकाची कल्पना. शेवटी भर आखाड्यात लिगियाला रानबैलाच्या शिंगांना बांधून सोडतात आणि तिचा राखणदार अर्सस नुसत्या हातांनी त्या बैलाची मान मोडतो. आपल्याकडच्या कुस्तीच्या शौकिनाने हे पान वाचले, तर तो बसल्या जागी मांडी थोपटील!

पण हा शेन्कीएविच रोमची गोष्ट लिहीत होता, तेव्हा त्याचा स्वतःचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला होता. बलाढ्य सत्ता कोसळते आणि दुबळ्यांची श्रद्धा टिकते, ही रोमची कथा पोलिश माणसाने कोणत्या भावनेने वाचली असेल, हे सांगायला नको. त्याच सुमारास आपल्याकडे हरिभाऊ आपटे 'उषःकाल' लिहीत होते. राज्य इंग्रजांचे होते आणि गोष्ट स्वराज्याच्या पहाटेची होती. देश दोन, धर्म दोन, पण पारतंत्र्यातल्या वाचकाची तहान एकच.

आता रोम राहू द्या, आपल्या घरात येऊ. ख्रिस्ती लेखकाची कादंबरी आपल्याला परकी वाटते. पण मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून अभ्यासक जिचे नाव घेतात, ती 'यमुनापर्यटन' एका मराठी ख्रिस्ती माणसानेच लिहिली आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावचा. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ही कादंबरी प्रसिद्ध केली. आदल्याच वर्षी विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला होता. कायदा कागदावर आला होता, घराच्या उंबऱ्याच्या आत आलेला नव्हता.

या कादंबरीत यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात. वाटेत जागोजागी त्यांना विधवा भेटतात. कुणाचे केस काढलेले, कुणी घरच्यांच्या बोलण्याने खचलेली. नवराबायको दोघे मिळून हे पाहतात, त्यावर आपसात बोलतात. त्या काळी चार माणसांत बायकोशी बोलणेही जिथे चमत्कारिक वाटे, तिथे ही जोडी एकमेकांना मनातले सांगते. माझ्या मते या पुस्तकातले प्रेम ते हेच. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि जे दुःख यमुनेने दुसऱ्यांच्या घरी पाहिले, ते तिच्याच दारात येऊन उभे राहते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

कुणी म्हणेल, हा तर उघड उघड प्रचार झाला. झालाच! ते झाकण्याचे कारण नाही. पदमनजींना आपला नवा धर्म लोकांना सांगायचा होता आणि त्यांनी तो सांगितला आहे. वर्गात पुस्तक घेताना शिक्षकांनी मुलांना हे आधीच सांगून टाकावे. पण आपल्या घरची बाई धान्य सुपात घेते, तेव्हा ती काय करते? कोंडा आहे म्हणून सूप उकिरड्यावर रिते करत नाही. ती पाखडते. कादंबरीही अशीच पाखडून घ्यावी. लेखकाचा उपदेश कोणता, त्याची कल्पना कोणती आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले कोणते, हे तीन ढीग वेगळे करावेत. उपदेश पटला तर घ्यावा, नाहीतर सोडावा. कल्पनेचा आनंद लुटावा. पण डोळ्यांनी पाहिलेले जपून ठेवावे, कारण तो इतिहास आहे. १८५७ म्हटले की आपल्याला झाशी, कानपूर, दिल्ली आठवते. त्याच वर्षी मराठी घराच्या माजघरात काय चालले होते, हे बखरीत सापडत नाही. ते इथे सापडते. त्या वेळची सामाजिक कादंबरी आज आपल्यासाठी ऐतिहासिक झाली आहे, ती अशी.

आणि यमुनेच्या दुःखावर धर्मांतर हाच एक उपाय होता असेही नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यातले विष्णुशास्त्री पंडित हिंदू धर्मात राहून, शास्त्रार्थ करून, विधवाविवाहासाठी झगडले आणि स्वतःही विधवेशी विवाह करून मोकळे झाले. वाटा निराळ्या, पण दोघांना दिसलेले दुःख तेच. वर्गात ही दोन नावे शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे मुलांना इतिहास नीट कळेल.

हे सारे जुने झाले, असे मात्र समजू नका. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. नंतर शासनानेही इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले. हिशेब करून पाहा, 'यमुनापर्यटन' आणि हा ठराव यांत १६५ वर्षांचे अंतर आहे! पुस्तक जुने होते, पण त्यातला प्रश्न सुटेपर्यंत जुना होत नाही.

शिरवळच्या त्या बाईंना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो, "बाई, तुमच्या गावाशेजारी सुभानमंगळ होता. १६४८ साली शिवरायांच्या मावळ्यांनी तिथे आदिलशाही फौजेशी झुंज दिली. त्या गढीचे आज फार थोडे उरले आहे. तरी तुम्ही मुलांना तिथे नेता आणि उरलेल्या दगडमातीवरून गोष्ट उभी करता ना? कादंबरीचेही तसेच आहे. लिगियासाठी तीन रात्री जागलात, त्यात चूक काहीच नाही. आता एक रात्र आपल्या यमुनेसाठी जागा."

त्या हसल्या. म्हणाल्या, "आणि सासऱ्यांना काय सांगू?"

मी म्हटले, "त्यांनाच वाचून दाखवा."