हिराल्दाची चढण

सेव्हिलच्या कॅथीड्रलचा घंटामनोरा चढताना पायऱ्या लागत नाहीत. युरोपातल्या इतर मनोऱ्यांमध्ये अंधाऱ्या, गोल फिरत जाणाऱ्या, पावलांनी झिजलेल्या दगडी पायऱ्यांची सवय झालेल्या माणसाला हे आधी जाणवते. येथे आहे ती विटांची फरसबंद चढण. चौकोनी मनोऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला आत आणखी एक भिंत आहे आणि त्या दोहोंमधून हा मार्ग वर जातो. कोपरा आला की सपाट जागा, पुन्हा वळण, पुन्हा चढण. अशा पस्तीस चढणी आहेत आणि प्रत्येकीचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला आहे. अगदी शेवटी मात्र सतरा पायऱ्या येतात.

पायऱ्या का नाहीत, याचे उत्तर परंपरा असे देते की, दिवसातून पाच वेळा वर जाणाऱ्या बांग देणाऱ्याला घोड्यावर किंवा खेचरावर बसून जाता यावे म्हणून. घंटामनोऱ्याविषयी प्रश्न विचारावा आणि उत्तरात अजान यावी, असे हे स्थळ आहे. 'हिराल्दा' या नावाने जगभर ओळखला जाणारा हा ख्रिस्ती घंटामनोरा मुळात मशिदीचा मिनार होता. ही माहिती कोणत्याही प्रवासी पुस्तकात मिळते. मला तेथे घेऊन गेला तो मात्र आमच्या वर्गातला एक प्रसंग.

मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेविषयीचा मजकूर मी वर्गात शिकवत होतो. १७३७ ते १७३९ असा दोन वर्षांचा संघर्ष, चिमाजी अप्पांचे नेतृत्व, मे १७३९ मधली पोर्तुगीजांची शरणागती हे सारे सांगून झाल्यावर मी नेहमीप्रमाणे घंटांकडे वळलो. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून आणल्या गेल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत बांधल्या गेल्या, हा भाग मुलांना नेहमी आवडतो. तास संपल्यावर वसईकडची एक ख्रिस्ती विद्यार्थिनी थांबली. तिची घरची बोली मराठीचीच एक बोली. तिने विचारले, "सर, त्या घंटा आमच्याच ना?" स्वरात तक्रार नव्हती. 'आमच्या' या शब्दाचा तिच्यापुरता अर्थ काय, एवढेच तिला माझ्याकडून ऐकायचे असावे. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. पुढे काही वर्षांनी सेव्हिलला जाण्याचा योग आला तेव्हा हा प्रश्न माझ्याबरोबर होता.

मनोऱ्याच्या पायथ्याशी थांबले की पहिली गोष्ट दिसते ती पायातले दगड. त्यातल्या काही दगडांवर लॅटिन अक्षरे आहेत. रोमन काळातल्या शहराचे अवशेष मिनार बांधणाऱ्यांनी पाया भरण्यासाठी वापरले. म्हणजे मशिदीचा मिनारही कोऱ्या जमिनीवर उभा राहिलेला नाही. आधीच्यांचे मोडून, आधीच्यांचेच घेऊन नवे उभारायचे, ही रीत येथे खालपासून सुरू होते.

मोरोक्कोतून आलेल्या अल्मोहाद राजघराण्याने सेव्हिलला आपल्या अंदालुसी राज्याचे मुख्य ठाणे केले. खलिफा अबू याकूब यूसुफ याने ११७२ मध्ये मोठ्या मशिदीचे काम सुरू केले आणि ११८४ मध्ये मिनाराचा पाया घातला गेला. वास्तुरचनाकार होता अहमद इब्न बासो. त्याच वर्षी खलिफा मोहिमेवर असताना मरण पावला आणि काम थांबले. मुलगा अबू यूसुफ याकूब अल्-मन्सूर याच्या काळात ते पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा अली अल्-घुमारी या रचनाकाराने दगड सोडून वीट वापरली. या काळातला बखरकार इब्न साहिब अस्-सला याने बांधकामाचा वृत्तान्त लिहून ठेवला, म्हणून कारागिरांची नावे आपल्यापर्यंत पोचली. ११९५ मध्ये अलार्कोस येथे कास्तीलच्या ख्रिस्ती सैन्याचा पराभव झाला. त्या विजयानंतर, ११९८ मध्ये, मिनाराच्या शिखरावर सोन्याचा मुलामा दिलेले गोल चढवले गेले आणि काम पुरे झाले. शिखरावर विजयाची खूण लावण्याचा पहिला मान असा मुसलमान राज्यकर्त्यांचा आहे.

आत चढू लागले की बाहेरची नक्षी दिसेनाशी होते. बाहेरून पाहताना विटांची ती जाळीदार गुंफण सगळे लक्ष वेधून घेते. आत फक्त वीट, चुना, अरुंद प्रकाश आणि पुढच्या माणसाची पाठ. मधल्या गाभ्यात एकावर एक अशा सात खोल्या आहेत. खिडक्या चारही बाजूंना एका रेषेत नाहीत, कारण त्या आतल्या चढणीबरोबर वर सरकत जातात. ज्याला हा मनोरा फक्त बाहेरून पाहायचा आहे त्याला खिडक्यांची ही मांडणी कोड्यासारखी वाटेल. आतून चालणाऱ्याला ती आपोआप कळते. साहित्यकृतीच्या बाबतीतही आपण विद्यार्थ्यांना हेच सांगत असतो, पण इतिहासाच्या बाबतीत स्वतः मात्र अनेकदा बाहेरच उभे राहतो.

२३ नोव्हेंबर १२४८ या दिवशी सेव्हिल तिसऱ्या फर्नांदोच्या स्वाधीन झाले. त्या वेळची एक कथा सांगितली जाते. शहर सोडण्यापूर्वी मुसलमानांना आपली मशीद आणि मिनार स्वतःच पाडून टाकायचा होता. परक्यांच्या हाती तो पडू नये, ही त्यामागची भावना. त्यावर युवराज आल्फोन्सोने बजावले की, मिनाराची एक वीट जरी निघाली तरी शहरातला एकही मूर जिवंत राहणार नाही. कथेतला तपशील कितपत खरा हे बाजूला ठेवले, तरी तिचा आशय विचार करण्यासारखा आहे. ज्यांनी बांधले त्यांना पाडायचे आहे आणि जे जिंकून आले त्यांना राखायचे आहे. प्रेम दोघांचेही त्याच विटांवर आहे. पण एकाचे प्रेम विनाशाची भाषा बोलते आणि दुसऱ्याचे प्रेम कत्तलीची. हाच आल्फोन्सो पुढे 'विद्वान' म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या आश्रयाखाली अरबी ग्रंथांची भाषांतरे झाली, हेही येथे आठवावे लागते.

मशिदीचे कॅथीड्रल झाले आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे जुन्याच वास्तूत ख्रिस्ती उपासना चालली. १३५६ च्या भूकंपात शिखरावरचे ते सोनेरी गोल कोसळले. १४०१ मध्ये नवे कॅथीड्रल बांधण्याचा निर्णय झाला, मशिदीचे प्रार्थनागृह पाडले गेले आणि शंभर वर्षांच्या कामानंतर सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या सर्वांत मोठ्या गॉथिक वास्तूंपैकी एक उभी राहिली. तरी दोन गोष्टी राहिल्या: संत्र्यांच्या झाडांचे अंगण आणि मिनार. १५५८ ते १५६८ या काळात एर्नान रुईस या वास्तुरचनाकाराने मिनाराच्या माथ्यावर रेनेसान्स शैलीतले घंटाघर चढवले. आजची उंची सुमारे १०४ मीटर आहे. खालचा मोठा हिस्सा अल्मोहादांचा, वरचा रुईसचा. दोन्ही जोडताना रुईसने खालच्या बांधणीचा रंग आणि प्रमाण सांभाळले. त्यामुळे सांधा शोधल्याशिवाय सापडत नाही.

घंटाघराच्याही वर, सर्वांत उंच, ब्राँझची एक स्त्रीमूर्ती आहे. विजयी श्रद्धेचे ते प्रतीक. हातात ध्वज, दुसऱ्या हातात पामची फांदी. पण ही मूर्ती वाऱ्याची दिशाही दाखवते, म्हणजे वारा वळेल तशी वळते. स्पॅनिशमध्ये वळणे या अर्थाच्या क्रियापदावरून 'हिराल्दा' हे नाव आले आणि ते मूर्तीवरून साऱ्या मनोऱ्याला मिळाले. अढळ श्रद्धेचे प्रतीक वाऱ्याबरोबर फिरते ठेवावे, यातला विनोद सर्व्हांतेसच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. 'डॉन किहोते'च्या १६१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या भागात एक सरदार बढाई मारतो की, आपल्या प्रेयसीच्या आज्ञेवरून त्याने सेव्हिलच्या या राक्षसिणीला आव्हान दिले. ती ब्राँझची असल्याने बळकट आणि जागची न हलणारी, तरी जगातली सर्वांत चंचल बाई. आठवडाभर उत्तरेचाच वारा वाहिला म्हणून ती स्थिर राहिली आणि तो जिंकला! सर्व्हांतेसने सेव्हिलमध्ये काही काळ काढला होता, तुरुंगवासही भोगला होता. विजयचिन्हाकडे पाहून हसण्याची त्याची ही रीत मला कोणत्याही इतिहासग्रंथातल्या निष्कर्षापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

पस्तिसावी चढण संपली, सतरा पायऱ्याही झाल्या आणि मी घंटांच्या खाली उभा राहिलो. येथे दोन डझनांच्या आसपास घंटा आहेत. खाली छपरे, संत्र्यांचे अंगण, कॅथीड्रलच्या पाठीवरच्या दगडी कमानी. अचानक डोक्यावरची एक घंटा वाजली. आवाज कानापेक्षा छातीत अधिक जाणवला. आजूबाजूची माणसे दचकली, मग हसली. जेथून कधी अजान होत असे त्याच उंचीच्या आसपास, त्याच चढणीने वर येऊन, शतकानुशतके घंटा वाजवणारे येत राहिले. आवाज बदलला, पण आवाजाकडे जाण्याचा रस्ता पहिल्या बांधणाऱ्यांचाच राहिला.

स्पेनच्या इतिहासात घंटांची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तेथे उभे असतानाच आठवली. ९९७ मध्ये कोर्दोबाच्या अल्-मन्सूर या सेनापतीने (मिनार पुरा करणाऱ्या खलिफाच्या दोनशे वर्षे आधीचा हा दुसरा अल्-मन्सूर) सांतियागो हे ख्रिस्ती तीर्थक्षेत्र लुटले. तिथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणल्या गेल्या आणि मशिदीत दिवे म्हणून टांगल्या गेल्या, असे ख्रिस्ती बखरकार सांगतात. १२३६ मध्ये फर्नांदोने कोर्दोबा जिंकले तेव्हा त्याने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून सांतियागोला परत पाठवल्या. दोन्ही खेपांना वजन तेवढेच होते. खांदे मात्र बदलले आणि वाहणाऱ्यांची नावे दोन्ही वेळी कोणी लिहून ठेवली नाहीत.

आपल्या घंटांकडे आता वेगळ्या नजरेने पाहणे भाग आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा यांचे नाते वसईच्या मोहिमेशी सांगितले जाते. नारोशंकराच्या घंटेवर पोर्तुगीज अक्षरे आणि १७२१ हे वर्ष आहे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. देवळात येणारा भाविक ती आकृती पाहतो, घंटा वाजवतो, हात जोडतो. त्याच्या मनात वसईचा जय नसतो आणि पराजयही नसतो. नवी घंटा ओतण्यासाठी ती वितळवली गेली नाही, तिच्यावरची आकृती घासून काढली गेली नाही, याचे श्रेय त्या काळाला द्यायला हवे. पोर्तुगीजांना शरणागतीच्या अटींनुसार शहर सोडून सुखरूप जाता आले, हेही नोंदवायला हवे. त्याआधी दोनशे वर्षे गोव्यात आणि साष्टीत देवळे पाडली गेली होती, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी. पण या तीन विधानांची बेरीज-वजाबाकी करून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर निघत नाही, हे मला सेव्हिलमध्ये उमगले. तिचे पूर्वज पोर्तुगीज नव्हते, वसईचेच होते. जे जिंकले ते आमचे आणि जे हरले ते परके, अशी मी वर्गात केलेली विभागणी तिच्यापाशी येऊन मोडत होती.

भाषेच्या अभ्यासकाला हे कळायला खरे तर सेव्हिलपर्यंत जाण्याची गरज नव्हती. स्पॅनिश भाषेत गवंड्याला 'अल्बान्यिल' म्हणतात, शब्द अरबी. कॅथीड्रल बांधणारा गवंडी स्वतःची ओळख अरबीतच सांगत होता. आपणही चावी, पगार, बादली हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले आणि ते बोलताना आपल्याला कोणाचा जय आठवत नाही. शब्दांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो की, वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे गेली तरी तिचे पहिले घर पुसले जात नाही आणि दुसरे घरही खोटे ठरत नाही. हेच घंटेबाबत आणि मनोऱ्याबाबत मान्य करणे आपल्याला जड जाते, कारण तेथे अभिमान आड येतो. अभिमान सोडावा असे माझे म्हणणे नाही. वसईचा वेढा हा मराठ्यांच्या चिकाटीचा मोठा प्रसंग आहे आणि तो तसाच शिकवायला हवा. मात्र घंटेपाशी आल्यावर तिच्यावर कोरलेली अक्षरेही विद्यार्थ्यांना वाचून दाखवायला हवीत.

उतरताना चढणीचे क्रमांक उलटे येत होते. गुडघ्यांना त्रास नव्हता. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या रचनाकारांनी माणसाच्या श्वासाचा आणि जनावराच्या पावलाचा विचार करून हा मार्ग आखला होता, त्याचा लाभ मला मिळत होता. पायथ्याशी पुन्हा ते लॅटिन अक्षरांचे दगड दिसले.

ती विद्यार्थिनी आता स्वतः एका शाळेत शिकवते. परत आल्यावर तिला दूरध्वनी केला आणि म्हटले, "तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो आहे. हो, त्या घंटा तुमच्या होत्या. आता त्या आमच्याही आहेत." ती थोडे थांबून म्हणाली, "सर, मी मेणवलीला जाऊन आले. वाजवूनही पाहिली."