छापील पावतीपासून पडद्यावरील नमुन्यापर्यंत

व्यापारी पेढी असो वा सार्वजनिक न्यास, पैशाच्या व्यवहारात शब्दाइतकेच महत्त्व पावतीला असते. छापील पावती पुस्तकाच्या प्रत्येक पानावर क्रमांक असे. मूळ प्रत पैसे देणाऱ्याच्या हाती जाई आणि कार्बनखाली उमटलेली स्थळप्रत पुस्तकातच राही. एखादी पावती लिहिताना चुकली तरी ती फाडून टाकण्याची मुभा नसे. ‘रद्द’ असा शेरा मारून दोन्ही प्रती पुस्तकात ठेवल्या जात. हिशेब तपासनिसाला रकमांइतकीच या क्रमांकांची सलगता पाहावी लागे. या साध्या शिस्तीचा कागदावरून संगणकात झालेला प्रवास हा व्यापाराच्या इतिहासातील एक दुर्लक्षित परंतु उद्बोधक अध्याय आहे.

एका लिखाणात दोन कामे

इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड यांनी १८०६ साली कार्बन कागदाचे पेटंट घेतले. तथापि दुकानाच्या गल्ल्यापर्यंत तो रीतसर पोहोचण्यास पाऊण शतक जावे लागले. १८८२ मध्ये कॅनडातील टोरांटो शहरी, मुद्रण व्यवसायात असलेल्या सॅम्युअल मूर यांनी कार्बन घालून लिहावयाची विक्री-पुस्तके बाजारात आणली. विक्रेत्याने एकदाच लिहावे आणि त्यातून ग्राहकाची पावती व दुकानाची नोंद अशी दोन्ही कामे साधावीत, ही त्यामागील कल्पना होती. पुन्हा नक्कल करण्याचे श्रम वाचले आणि नकलेत शिरणाऱ्या चुकाही टळल्या. विसाव्या शतकात मूर यांची कंपनी छापील व्यापारी नमुन्यांची जगातील सर्वांत मोठी उत्पादक ठरली.

अमेरिकेतील डेटन येथे थिओडोर शर्मर यांनी कागदाच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडून तो खुंट्यांच्या चाकांवरून सरकविण्याची युक्ती काढली. १९१२ मध्ये तिच्या आधारे ‘स्टँडर्ड रजिस्टर’ ही कंपनी उभी राहिली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला लावलेल्या कागदाच्या छिद्रांच्या पट्ट्या ज्यांनी फाडून वेगळ्या केल्या आहेत, त्यांनी याच युक्तीचा वारसा हाताळला आहे.

साठ्याचे ओझे

छापील नमुन्यांची एक अडचण मात्र कायम राहिली. छपाईचा मोठा खर्च जुळणीत व यंत्र लावण्यात होई. त्यामुळे शंभर प्रतींपेक्षा दहा हजार प्रती दर नगास पुष्कळ स्वस्त पडत. म्हणून कचेऱ्या गरजेपेक्षा अधिक छापून घेत आणि गठ्ठे कपाटांत रचून ठेवत. पुढे पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा कराचा दर बदलला की त्या गठ्ठ्यांवर रबरी शिक्के मारीत बसावे लागे, अन्यथा ते रद्दीत जात. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा बिलांचे जुने नमुने बदलणे व्यापाऱ्यांना भाग पडले.

नमुना यंत्रात शिरला

आरंभीचे संगणक केवळ नावे व आकडे छापीत. चौकटी, मथळे व रेघा आधीच छापलेल्या कागदावर असत. कागद एका ओळीने जरी सरकला तरी रक्कम नावाच्या रकान्यात जाऊन बसे. आय.बी.एम.च्या ३८०० या लेसर मुद्रकात नमुन्याची प्रतिमा प्रकाशाच्या झोताने आकड्यांसोबतच कागदावर उमटविता येऊ लागली. १९७७ मध्ये आलेल्या झेरॉक्स ९७०० या यंत्रात तर नमुना संगणकीय स्वरूपातच साठविलेला असे आणि सेकंदाला दोन पाने या वेगाने तो मजकुरासह छापला जाई. ही यंत्रे मोठ्या संस्थांनाच परवडणारी होती. १९८४ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा लेसरजेट आला आणि ही सोय सामान्य कचेरीच्या मेजावर पोहोचली.

आता उणीव होती ती योग्य सॉफ्टवेअरची. ती भरून काढण्यात पुन्हा कॅनडाच पुढे होता. ऑटावा येथे १९८२ साली सुरू झालेली कंपनी ‘जेटफॉर्म’ या नावाने प्रसिद्धीस आली. १९८८ मध्ये मूर यांच्याच टोरांटो शहरात ‘डेलरिना’ स्थापन झाली व तिने ‘परफॉर्म’ हे सॉफ्टवेअर काढले. त्यात नमुना पडद्यावर आखता येई. बेरीज आपोआप होई, आवश्यक रकाना कोरा राहिल्यास सूचना मिळे आणि भरलेला तपशील थेट नोंदवहीत जाई. नमुना बदलायचा तर मूळ आराखडा दुरुस्त केला की काम भागे. १९९५ मध्ये सिमँटेकने डेलरिना विकत घेतली व तिचा नमुन्यांचा व्यवसाय पुढे जेटफॉर्मकडे गेला. ‘ॲक्सेलिओ’ असे नवे नाव घेतलेली जेटफॉर्म २००२ मध्ये ॲडोबी या कंपनीत विलीन झाली.

विश्वासाचा प्रश्न

तरीही छापील पुस्तके लगेच हटली नाहीत. लेसर मुद्रक कागदावर आघात करीत नसल्याने त्याच्याकडून कार्बनची प्रत निघत नसे. त्याहून गंभीर शंका अशी, की पडद्यावरील आकडा कोणताही माग न ठेवता बदलता येत असेल, तर पावतीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा? स्वाक्षरीचे काय? या शंकांना कायद्यानेच उत्तर द्यावे लागले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि संगणकीय अभिलेख व अंकीय स्वाक्षरी यांना मान्यता मिळाली. २००६ मध्ये ‘एमसीए २१’ या योजनेतून कंपन्यांची विवरणे संगणकावरून दाखल होऊ लागली. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रथम मोठ्या उद्योगांच्या बिलांना सरकारी प्रणालीतून स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळू लागला. धर्मादाय संस्थांच्या बाबतीत, २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून करसवलतीस पात्र देणग्यांचे विवरण फॉर्म १०बीडीद्वारे संगणकावरून देणे आवश्यक झाले व देणगीदाराचे प्रमाणपत्रही तेथूनच निघू लागले.

या स्थित्यंतराची किंमतही मोजावी लागली. मूर यांच्या कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व २००४ मध्ये संपले; स्टँडर्ड रजिस्टरने २०१५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडेही क्रमांक घालणे, छिद्ररेषा पाडणे व पुस्तके बांधणे यांवर जगणाऱ्या लहान छापखान्यांचे काम घटले.

१ एप्रिल २०२३ पासून भारतातील कंपन्यांना, हिशेबातील प्रत्येक बदल तारखेसह नोंदविणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. ‘रद्द’ शेऱ्याची पावती पुस्तकातच ठेवावी, असे सांगणाऱ्या जुन्या मुनीमजींना हा नियम अपरिचित वाटला नसता. न्यासांच्या कार्यालयांतही पावत्या आता संगणकावर निघत आहेत. चुकलेली नोंद पुसून न टाकता राखून ठेवण्याची आणि क्रमांकाची सलगता मोडू न देण्याची जबाबदारी तेथेही विश्वस्तांचीच आहे.